नूरमिस्त्रींचं ‘या’

“लागतो का?” नूरमिस्त्रींनी विचारलं.

“लागतो का म्हणजे?” दिग्विजय हसला. “मिस्त्री, राज्यात पहिला आलोय मी. पुढच्या ब्रेकचा कॅलिपर उतरवायचा, तपासायचा, परत बसवायचा. एकोणीस मिनिटांत! दुसरा आला त्याला सव्वीस लागली.”

“ते ऐकलं. ब्रेक लागतो का?”

“लागणारच की. न लागायला काय झालं?”

“दाबून बघितलास?”

दिग्विजयनं आठवून बघितलं.

स्पर्धेतली गाडी लोखंडी घोडीवर उभी होती. चाक अधांतरी. परीक्षकांनी घड्याळ बघितलं होतं, पॅड बघितले होते, टाळ्या वाजल्या होत्या, फोटोही निघाला होता. पण त्या गाडीवर बसून ती कोणी चालवली होती का, ती कुठं थांबली होती का, हे काही त्याला आठवेना.

“ती गाडी कुठं जायची नव्हती,” तो म्हणाला.

“असं व्हय...” मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी चहा सांगितला.

आंबा घाट सुरू व्हायच्या जरा अलीकडं, शेवटच्या चहाच्या टपरीला लागून नूरमहंमद मुजावरांचं गॅरेज. पत्र्याचं, एका खणाचं. बोर्ड नाही. एकदा होता, तो वाऱ्यानं गेला, आणि गेल्याचं कोणाला काही वाटलं नाही. कोल्हापूरकडून कोकणात उतरणारा दुचाकीवाला तिथं थांबतो, ब्रेक दाबून दाखवतो. मिस्त्रींनी मान हलवली तर पुढं जातो, नाही हलवली तर मुकाट्यानं दगडावर बसतो. बसवून ठेवलं म्हणून रागावलेला माणूस अजून कोणी बघितलेला नाही. पुढं घाट आहे, हे ज्याचं त्याला दिसतच असतं.

दिग्विजय साळोखे इथंच शिकला. तीन वर्षं. मग कोल्हापुरात एका मोठ्या शोरूमला लागला, आठ वर्षांत हेड टेक्निशियन झाला. इस्त्रीचा गणवेश, खिशावर नाव. आईनं नाव दिग्विजय ठेवलेलं, आणि एकदा नाव ठेवलं की माणूस त्याला जागायला बघतोच. हा जरा जास्तच जागला होता, एवढंच.

गेल्या महिन्यात मिस्त्रींचा निरोप आला. उजवा हात कापायला लागलाय, पाना नटावर बसत नाही. येऊन जा.

एवढाच निरोप. पण दिग्विजयला त्यात सगळं ऐकू आलं. गॅरेज आता कोणाच्या तरी हाती जाणार, आणि त्याच्याहून लायक हात कोणाचा? त्यानं शोरूमच्या मालकाला तसं सांगूनही टाकलं. बायकोला सांगितलं. सोबतच्या चौघांना सांगितलं, म्हणजे चाळीस जणांना सांगितलं. आणि रविवारी सकाळी स्पर्धेचा हातभर उंचीचा चकचकीत कप गाडीत पुढच्या सीटवर बसवून, त्याला पट्टा लावून, तो घाटमाथ्यावर आला.

त्याला हवी होती गॅरेजची किल्ली. पण किल्लीपेक्षाही त्याला एक शब्द हवा होता.

त्या शब्दाचं असं आहे...

मुजावरांच्या गॅरेजात एक रीत होती. ज्यानं ब्रेक केला, त्यानंच गाडीची किल्ली मालकाच्या हातात द्यायची. आणि देताना म्हणायचं, “या.”

आता आपल्याकडं निघालेल्या माणसाला कोणीच ‘जा’ म्हणत नाही. निघणाराही ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. उंबऱ्यावर हे शब्द आपण इतक्या वेळा बोलतो की बोललो हेसुद्धा लक्षात राहत नाही. पण घाटाच्या तोंडाशी, कोणाचा तरी ब्रेक खोलून पुन्हा बसवल्यावर, मिस्त्री तो शब्द असा म्हणायचे की घेणारा किल्ली घेऊन क्षणभर उभा राहायचा.

तीन वर्षांत दिग्विजयनं इथं शेकड्यांनी कॅलिपर खोलले. धुतले, घासले, बसवले. पण शेवटी मिस्त्री उठायचे, त्याच्या हातातला पाना घ्यायचे, बोल्टला लावायचे, डोळे मिटायचे, पान्यावर तळवा ठेवायचे आणि काहीतरी एवढंसं करायचे. चिमूटभर. शेवटचा पाना मिस्त्रींचा, म्हणून किल्ली मिस्त्रींची, म्हणून ‘या’ही मिस्त्रींचंच.

हे दिग्विजयला सलत होतं. अकरा वर्षं सलत होतं. कप मिळाला त्या दिवशीही टाळ्यांच्या मधोमध त्याला हेच आठवलं होतं, आणि स्वतःचाच राग आला होता.

चहा आला. मिस्त्रींच्या हातात बशी वाजत होती. दिग्विजयनं स्पर्धेचा कप त्यांच्यासमोर बाकावर ठेवला. उन्हात तो असा चमकला की टपरीवाल्यानं डोळ्यांवर हात धरला.

“मस्त हाय,” मिस्त्री म्हणाले. “जड हाय का?”

“पितळी आहे आतनं.”

“मग पडायचा न्हाई.”

एवढ्यात घरघरत एक मोटरसायकल आली. मागं दोन्ही बाजूंना पत्र्याचे दोन मोठे डबे बांधलेले, त्यावर दोरीचं जाळं. चालवणारी शेवंता लाड. पंचेचाळिशीची बाई, नऊवारीखाली बूट, डोक्याला हेल्मेट. मलकापुरातल्या भट्टीवरून खारी, टोस्ट, नानकटाई घ्यायची आणि घाट उतरून साखरपा भागातल्या वाड्यावस्त्यांवर विकायची, हा तिचा अकरा वर्षांचा धंदा.

“चाचा, पुढचा ब्रेक रडाय लागलाय वो,” तिनं उतरता उतरताच सांगितलं. “कालपास्नं. दाबला की कर्रर्र करतोय. बघा जरा.”

मिस्त्री उठले नाहीत.

“दिगू बघंल,” ते म्हणाले. “सगळं तोच करंल. शेवटचा पानाबी त्याचाच.”

दिग्विजयची छाती भरून आली.

“आणि किल्ली?”

“ज्याचा पाना त्याची किल्ली.”

बस्स! अकरा वर्षांनी! दिग्विजयनं बाह्या सारल्या. इस्त्रीच्या पँटीची पर्वा न करता तो चाकापुढं बैठक मारून बसला. मोबाइल काढून समोर दगडाला टेकवला आणि त्यातलं घड्याळ लावलं.

“किती येळ लागंल रं?” शेवंतानं विचारलं.

“एकोणीस मिनिटं, मावशी. चहा निवायच्या आत तुम्ही गाडीवर.”

“मला एवढी घाई न्हाई बाबा. घाट काय पळून चाललाय व्हय?”

“सुटे बोल्ट कशात टाकू, मिस्त्री? वाटी कुठंय?”

मिस्त्रींनी इकडंतिकडं बघितलं. मग समोर बघितलं.

“ह्यो घे की,” ते म्हणाले, आणि थरथरत्या हातानं स्पर्धेचा कप त्याच्यापुढं सरकवला.

शेवंता खुदकन हसली. दिग्विजयच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण घड्याळ पळत होतं. त्यानं पहिला बोल्ट काढला आणि कपात टाकला. घंटेसारखा आवाज आला.

खोटं कशाला बोला, हात सोन्याचा होता पोराचा. दुसरा बोल्ट निघाला तसा कॅलिपर, म्हणजे ब्रेकचा जबडाच तो, त्यानं चाकाच्या तबकडीवरून अलगद सोडवला, आणि तो नळीला लोंबकळू नये म्हणून तारेनं वर टांगला. हे नवशिक्याला सांगावं लागतं, याला सांगावं लागत नव्हतं. पिन काढली, पॅड काढले. आतला झिजून पत्र्याला आलेला, बाहेरचा अजून निम्मा.

“बघा मिस्त्री. एकटा आतलाच झिजलाय. सरकायची पिन अडकलीय. कॅलिपर एकाच बाजूनं चावत होता.”

“हूं...”

“म्हणून रडत होता, मावशी. नवरा-बायकोतलं एकटंच राबलं की घर रडतंच.”

“मला सांगतोस व्हय रं?” शेवंता म्हणाली. “माझा नवरा भट्टीवर झोपा काढतोय अन् मी घाट उतरतीया.”

पिनेवरचं ग्रीस वाळून खडा झालं होतं. ते त्यानं खरवडलं, पिन पुसून आरशासारखी केली, नवं ग्रीस लावलं. पिस्टन ब्रशनं धुतला, रबर बघितलं, कुठं ओल नाही ना बघितली. पिस्टन अंगठ्यांनी आत दाबला. नवे पॅड बसवले. तबकडीची धार बोटानं चाचपली. एकही हालचाल वाया जात नव्हती. टपरीवालाही चहाचं भांडं हातात धरून बघत राहिला होता. आणि दिग्विजयला ते कळत होतं. पाठीलाही कळत होतं त्याला, की लोक बघतायत.

पंधरा मिनिटं, चाळीस सेकंद.

कॅलिपर जागेवर. पहिला बोल्ट घट्ट. राहिला एक.

मोजून ताण देणारा पाना त्याच्या गाडीच्या डिकीत होता. शोरूममध्ये तोच वापरायचे. ठरलेला ताण आला की ‘टक्’ वाजतो. पण डिकीपर्यंत जायचं, पेटी उघडायची, म्हणजे दीड मिनिट. आणि मिस्त्रींच्या दारात मिस्त्रींसमोर मोजायचा पाना काढायचा? त्यांनी जन्मात कधी काढला होता का?

साध्या पान्यानं त्यानं दुसरा बोल्ट आवळला. घट्ट आला. पुरेसा आला. हाताला कळलं तसं.

पण मिस्त्री बघत होते.

त्यानं डोळे मिटले. पान्यावर तळवा ठेवला. आणि अकरा वर्षं मनात घोकलेली ती मिस्त्रींची चिमूट दिली.

बोल्ट हलला.

मऊ हलला. हलू नये तसा. ज्याच्या हाताखाली असा बोल्ट एकदा हललाय, त्याला कोणी काही सांगावं लागत नाही. आटे गेले होते. चाकाला धरणाऱ्या पुढच्या पायाच्या ज्या ॲल्युमिनियमच्या कानात तो बोल्ट बसतो, त्या कानाच्या आतले आटे पिळून निघाले होते. बोल्ट जागेवर होता, दिसायला घट्ट होता, आणि कशालाही धरून नव्हता.

दिग्विजयनं डोळे उघडले.

मिस्त्री बशीत चहा ओतत होते, त्यांचं सगळं लक्ष हात सांभाळण्यात होतं. शेवंता डब्याची दोरी आवळत होती. टपरीवाला आत गेला होता.

कोणीही बघितलं नव्हतं.

त्यानं घड्याळ थांबवलं.

“अठरा!” तो म्हणाला. “एकोणीस नाही मिस्त्री, अठरा मिनिटं!” आवाज आपोआप निघाला. आठ वर्षांची सवय होती त्याला.

“आरं वा!” शेवंता म्हणाली.

त्यानं ब्रेक तीन-चार वेळा दाबला. पिस्टन बाहेर आला, पॅडनी तबकडी धरली. पुढचं चाक उचलून फिरवलं, ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. कर्रर्र नाही, काही नाही.

“लागतो का?” मिस्त्रींनी विचारलं.

“लागतो.”

हे खरंच होतं. ब्रेक लागत होता.

“मग दे तिला किल्ली.”

दिग्विजयनं गाडीची किल्ली काढली. शेवंतानं हात पुढं केला. तळहाताला मैदा होता आणि अंगठ्याच्या मुळाशी भट्टीत भाजल्याचा जुना काळा डाग.

त्याच्या डोक्यात एका श्वासात किती काय आलं! पहिला बोल्ट घट्ट आहे. एका बोल्टावर आजचा दिवस सहज निघेल. संध्याकाळी परत येईल तेव्हा काहीतरी कारण काढून गाडी थांबवू, गुपचूप दुरुस्त करू. कोणाला कळायचं नाही. गॅरेज माझं. शब्द माझा... आणि मग त्याला घाटातलं ते इंग्रजी यूसारखं वळण दिसलं, चाळीस किलोचे डबे दिसले, आणि एका बोल्टावर लोंबणारा, चाकात अडकणारा कॅलिपर दिसला.

त्यानं तोंड उघडलं. दोन वर्षांचं पोर म्हणतं तो शब्द. एक अक्षर.

“जावा...” त्याच्या तोंडून निघालं.

शेवंतानं हात मागं घेतला.

“अगं बाई! जावा काय म्हणतोस रं? घाटाच्या तोंडाला?”

दिग्विजयनं मिस्त्रींकडं बघितलं. मिस्त्री त्याच्याकडं बघत होते. बशी वाजत नव्हती. ती त्यांनी खाली ठेवली होती.

“थांबा, मावशी,” तो म्हणाला. “गाडी न्यायची नाही. आटे गेलेत.”

“कशाचं?”

“कॅलिपरच्या बोल्टचे. माझ्या हातनं गेले. आत्ता. अठराच्या आधी.” लाजेनं त्याचं तोंड भाजल्यासारखं झालं. “आणि मी अठरा म्हणालो.”

घाटातून एक ट्रक चढत होता, त्याचा आवाज तेवढा येत राहिला.

मग शेवंता बोलली, आणि जे बोलली ते इथं सगळं लिहिण्यासारखं नाही. त्याच्या कपाचा उद्धार झाला, शोरूमचा झाला, एकोणीस मिनिटांचा झाला. “माझी दोन पोरं हाईत घरात!” हे शेवटी म्हणाली, आणि मग तिचाच आवाज बसला. ती दगडावर जाऊन बसली, घाटाकडं पाठ करून.

दिग्विजय मान खाली घालून सगळं ऐकत उभा होता.

“कवा गेलं आटं?” मिस्त्रींनी विचारलं.

“चिमूट देताना.”

“कसली चिमूट?”

“तुमची. शेवटची. डोळे मिटून देताय ती. तीन वर्षं बघितलीय मी, मिस्त्री. बोल्ट घट्ट झाल्यावर तुम्ही अजून एक चिमूट पिळताय...”

मिस्त्रींनी रिकामा तळवा पुढं धरला.

“आरं, मी पिळत न्हवतो.”

“मग?”

“इचारत हुतो.”

“काय?”

“पुरं का, म्हणून...”

दिग्विजयला हसू येईना आणि रडूही येईना. आठ वर्षं शोरूममध्ये त्यानं हाताखालच्या पंधरा पोरांना ही चिमूट शिकवली होती. गुरूची खूण म्हणून, अभिमानानं!

“काय करू आता?” त्यानं विचारलं.

मिस्त्री पाय लांब करून टपरीच्या सावलीत बसले.

तेव्हा दिग्विजयनं मोबाइल दगडावरून उचलला आणि खिशात टाकला. पिळलेला बोल्ट काढला. त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चंदेरी कात गुंडाळून आली होती. तो बोल्ट त्यानं कपात टाकला. या वेळी घंटा वाजली नाही, का कोण जाणे. कॅलिपर पुन्हा उतरवून तारेनं टांगला.

गेलेल्या जागी नवे आटे पाडायचे म्हणजे चिकाटीचं काम. भोक थोडं मोठं करायचं, त्याला तेल सोडून सोडून आटे पाडायचे, अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. मग त्यात स्प्रिंगसारखं पोलादी तारेचं वेटोळं बसवायचं, आणि त्या वेटोळ्यात नवा बोल्ट. घाई केली की हत्यार आतच मोडतं आणि मग मोटरसायकलचा पुढचा पायच बदलावा लागतो. दिग्विजय अर्धा फेरा पुढं आणि पाव फेरा मागं करत राहिला. टपरीवर चहाचं दुसरं आधण उकळून संपलं, वडे तळून झाले. शेवंतानं डबा उघडून एक खारी खाल्ली, मग दुसरी काढली आणि न बोलता त्याच्याजवळ कागदावर ठेवली.

शेवटी तो गाडीच्या डिकीकडं गेला आणि मोजायचा पाना घेऊन आला. मिस्त्रींसमोर. पहिला बोल्ट, ‘टक्’. दुसरा बोल्ट, ‘टक्’.

मग त्यानं साधा पाना लावला, डोळे मिटले आणि पान्यावर तळवा नुसता ठेवला.

बराच वेळ ठेवला. मग काढला.

“लागतो का?” मिस्त्रींनी विचारलं.

“थांबा,” दिग्विजय म्हणाला.

त्यानं लिव्हर दाबून पॅड तबकडीला आणले. शेवंताचे भरलेले डबे मागं तसेच बांधलेले ठेवून तो तिच्या गाडीवर बसला, पहिल्या वळणापर्यंत गेला, उतारावर तीनदा ब्रेक मारला, परत आला, उतरला, दोन्ही बोल्ट पुन्हा बघितले.

“लागतो,” तो म्हणाला.

आणि शेवंताच्या मैदा लागलेल्या हातात किल्ली ठेवून तो म्हणाला, “या.”

काही कष्ट पडले नाहीत. शब्द आपला आपण आला.

शेवंता क्षणभर किल्ली घेऊन उभी राहिली.

“येते,” ती म्हणाली.

गाडी उताराला लागली. पहिल्या वळणावर मागचा लाल दिवा लागला, विझला, आणि ती दिसेनाशी झाली.

दिग्विजयनं हात पुसले. आता निघावं असं त्याच्या मनात होतं. कोणत्या तोंडानं किल्ली मागायची? कोल्हापुरात चाळीस जणांना काय सांगायचं, हे रस्त्यात ठरवता आलं असतं. पण पाय निघेना. तो दगडावर बसला. सहज, घाटाकडं तोंड करून.

एक वाजला. दोन वाजले. खालून एखादी मोटरसायकल चढताना ऐकू आली की तो उठायचा. ती वेगळीच असायची, मग बसायचा. जेवायला टपरीवाल्यानं हाक मारली तर म्हणाला, नंतर. साखरपा आत्ता आलं असेल. आता वाड्यावस्त्या. आता डबे रिकामे, आता चढ. दोन्ही बोल्टांना ‘टक्’ आलं होतं ना? आलं होतं. दोन्हींना.

तीनच्या सुमारास कधीतरी त्यानं शेजारी बघितलं.

मिस्त्री त्याच्याच शेजारी, त्याच्यासारखेच, घाटाकडं तोंड करून बसले होते. आणि दिग्विजयला एकदम आठवलं. तीन वर्षं, रोज दुपारनंतर, म्हातारा इथंच असा बसायचा. हातात काम नसायचं. त्याला वाटायचं, दरीची हवा खातायत. शोरूमच्या पोरांना त्याची नक्कलही करून दाखवली होती त्यानं, हसवायला.

“मिस्त्री,” तो हळूच म्हणाला, “रोज...?”

“हूं...”

“प्रत्येक गाडीसाठी?”

मिस्त्रींची नजर वळणावरून हलली नाही.

साडेपाचला खालून घरघर आली. दिग्विजय उठला नाही, उठायचं धैर्यच झालं नाही. आधी हेल्मेट दिसलं, मग नऊवारीचा काठ, मग रिकाम्या डब्यांचा खडखडाट. शेवंता थांबलीसुद्धा नाही. “लोणी हाय बाबा ब्रेक!” एवढं ओरडली, दोनदा हॉर्न वाजवला आणि मलकापूरच्या दिशेनं निघून गेली.

दिग्विजयच्या डोळ्यांत पाणी आलं. कप मिळाला होता तेव्हा आलं नव्हतं. त्याला इतका अभिमान वाटला, इतका, की तो कोणाला सांगावा असंही वाटेना. चार जणांनाही नाही, चाळीस जणांनाही नाही.

तो उठला. कप बाकाखाली होता, त्यात तो पिळलेला बोल्ट होता. कप त्यानं उचलून गॅरेजात फळीवर ठेवला, हात जाईल अशा ठिकाणी, बोल्टासकट.

“येतो, मिस्त्री,” तो म्हणाला. “उद्या शोरूमला जाऊन पोरांना सांगायचंय. ती चिमूट चुकीची आहे म्हणून.”

“बस जरा.”

तो बसला.

मिस्त्रींनी त्याच्या तोंडाकडं निरखून बघितलं. मग नेहमीच्याच आवाजात विचारलं, “लागलं का?”

दिग्विजयनं तोंड फिरवलं. मग मान हलवली.

“लागलं, मिस्त्री. लई लागलं.”

म्हाताऱ्यानं कमरेचा करगोटा चाचपला, त्याला बांधलेली गॅरेजची किल्ली सोडवली. हात कापत होता, गाठ सुटायला वेळ लागला. दिग्विजयनं मदत केली नाही, बघत राहिला. मिस्त्रींनी त्याचा तळवा उघडला, किल्ली त्यात ठेवली आणि बोटं मिटवली. मग जन्मात पहिल्यांदा, त्याला दिगू न म्हणता, ते म्हणाले,

“या, मिस्त्री.”